जकातघराची भिंत

कडुबा वाघांना मी चौदा वर्षं ओळखते. त्यातली पहिली काही वर्षं मी त्यांच्याबद्दल ज्याला त्याला सांगत फिरले. पुढची काही वर्षं त्यांचं नाव निघालं की विषय बदलत राहिले. आता जे झालं ते क्रमानं सांगायला बसले आहे. त्यात माझंही बरंच काही बाहेर येईल, पण त्याला इलाज नाही.

मी संभाजीनगरात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. समर्थनगरात दोन खोल्यांचं ऑफिस आहे. २०११ साली शहरातल्या एका जुन्या दरवाजाच्या आतल्या बाजूला चुन्याचा गिलावा करायचा होता. ठेकेदारानं सहा मिस्त्री आणून उभे केले. सिमेंट अजिबात वापरायचं नाही म्हटल्यावर त्यातले पाच जण एकमेकांकडे बघून हसले. सहावा हसला नाही. पिंपात भिजत घातलेला चुना त्यानं बोटावर घेतला, मनगटावर चोळला आणि थोडा वेळ नुसता उभा राहिला.

"ताई, ह्यो चुना अजून कच्चा हाय," तो म्हणाला. "महिनाभर भिजू द्या. मग मला बोलवा."

एवढं बोलून तो निघून गेला. बरोबर महिन्यानं मी बोलावलं. ते कडुबा.

कन्नडच्या पलीकडे घाटाच्या अंगाला त्यांचं गाव. तीन एकर कोरडवाहू, घरी बायको आशाबाई आणि एक मुलगी, तनुजा. चुन्याचं काम ते त्यांच्या मामांकडून शिकले, आणि मामा शहरातल्या कुणा म्हाताऱ्या उस्तादांकडून. चुन्यात गुळाचं पाणी कधी घालायचं, बेलफळाचा गर किती, मेथी भिजवलेलं पाणी कोणत्या थराला, हे सगळं त्यांच्या हातात होतं. कागदावर काहीच नव्हतं. सिमेंटचा त्यांना मनापासून राग. साइटवर सिमेंटच्या गोण्या रचलेल्या असल्या तर बाकीचे त्यावर बसून डबा खायचे, कडुबा मात्र उन्हात दगडावर बसून खायचे. मी ही गोष्ट कितीतरी व्याख्यानांत सांगितली आहे. पडद्यावर त्यांचा फोटो दाखवायचा, गोणीची गोष्ट सांगायची, की सभागृह खूष. मी त्यांना मामा म्हणायला लागले होते. ते मला पहिल्यापासून ताईच म्हणत.

२०१८ मध्ये कोकणातून बोलावणं आलं. खारवणे नावाचं समुद्रकाठचं छोटं गाव. पूर्वी तिथून नारळ, मीठ आणि लाकूड घेऊन गलबतं जायची. पुढं रस्ते झाले, बंदर बंद पडलं, माणसं मुंबईला गेली, पण गावातली मुख्य आळी जशीच्या तशी राहिली. जांभ्या चिऱ्याची घरं, उतरती कौलं, प्रत्येक दारापुढं लाकडी खांबांची पडवी. तीस वर्षांपूर्वी गावानं ग्रामसभेत ठराव केला होता की घराचा पुढचा भाग कुणी पाडायचा नाही. स्लॅब टाकायचाच असेल तर मागं, परसात टाका. लोकांनी तो पाळला. त्यामुळं आळीच्या एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाचा समुद्र दोन रांगांतल्या कौलांच्या मधून दिसतो. त्या टोकाला धक्का, आणि धक्क्यावर जुनं जकातघर. येणाऱ्या मालावर तिथं जकात घ्यायचे. त्याच्या आतल्या भिंतींचं काम आम्हाला मिळालं होतं.

चुन्याची माणसं तिकडं उरली नव्हती म्हणून मी कडुबांना आणि त्यांच्या हाताखालच्या दोघांना इथून नेलं. मदतीला गावातल्या बायका होत्या. त्यांच्यात रूपाबाई मयेकर. वय पन्नाशीच्या पुढं, बोलायला फटकळ, कामाला चोख. वाळू धुण्याचं काम त्यांच्याकडं होतं. तिथली वाळू खाडीची, म्हणजे खारी. खार राहिला तर गिलावा फुगतो, म्हणून ती विहिरीच्या गोड्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवावी लागते. रूपाबाई सात पाण्यांनी धुवायच्या आणि शेवटी चिमूटभर जिभेवर ठेवून बघायच्या.

"काय रूपाबाई, मीठ बराबर हाय का?" कडुबा विचारायचे.

"तुमच्या कालवणापेक्षा बरं हाय," त्या म्हणायच्या. कडुबांना स्वयंपाक यायचा नाही, आणि ते तिथं रोज स्वतःच्या हातचं खात होते. पुढं रूपाबाई त्यांना डबा आणायला लागल्या.

एक दिवस भिंतीवरचे चुन्याच्या सफेदीचे जुने पापुद्रे लाकडी पट्टीनं काढताना रूपाबाईंनी हाक मारली. "बाई, हयसर शीड दिसतंय बघा."

मी जाऊन बघितलं. गेरूची एक तिरकी रेघ, तिच्याखाली काजळीसारखी काळी रेघ. पुढं पंधरा दिवस आम्ही ती भिंत कापसाच्या बोळ्यांनी आणि लाकडी पट्टीनं साफ केली. एकूण नऊ गलबतं निघाली. कुणा कारकुनानं फुरसतीच्या वेळात काढली असावीत. प्रत्येकावर निशाण, प्रत्येकाखाली मोडीत मालकाचं नाव. गावचे निवृत्त शिक्षक केशव गुरुजी भिंग लावून एकेक नाव वाचत गेले. चौथं नाव मयेकरांचं निघालं, रूपाबाईंच्या सासरचं. त्यांच्या घरी आता साधी होडीसुद्धा नव्हती. त्या दिवशी त्या कामावरून लवकर घरी गेल्या, आणि संध्याकाळी सून, नातवंडं, शेजारपाजार असा सगळा लोंढा घेऊन परत आल्या.

चित्राच्या कडा मोकळ्या झाल्या होत्या आणि खालचा दोन फुटांचा गिलावा गळून गेला होता. तो भाग नव्यानं भरायचा होता. काम गणपतीनंतर सुरू झालेलं. तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी उद्घाटन ठरलं, पत्रिका छापून वाटल्या गेल्या. भिंत भरली, पण गिलावा धरेना. मी मध्ये आठवडाभर संभाजीनगरला येऊन परत गेले, तर कडा घट्ट झालेल्या. हात लावला. छान, गुळगुळीत, पक्क्या. मी म्हटलं, "मामा, जमलं की!"

कडुबांनी वर बघितलं नाही. थापी धूत बसले होते.

उद्घाटन थाटात झालं. पेपरात त्यांचा फोटो आला, खाली 'मराठवाड्यातील चुन्याचे कारागीर' असं. गावानं जकातघराची चावी आणि देखरेख रूपाबाईंकडं दिली. बाहेरून लोक बघायला यायला लागले. रूपाबाई त्यांना आत नेऊन चौथ्या गलबताशी थांबायच्या आणि जरा लांबवून सांगायच्या.

चित्र पडलं ते तिसऱ्या पावसाळ्यात. सकाळी रूपाबाईंनी दार उघडलं तेव्हा भिंतीच्या पायथ्याशी ढीग होता. पाच गलबतं गेली, चौथं त्यांच्यातच. उरलेली चार भेगाळली होती. केशव गुरुजींचा मला फोन आला. ते रडत होते.

मी कडुबांना घेऊन गेले. गावची समिती, म्हणजे पाच-सहा माणसं, तिथं उभी होती. रूपाबाई दाराशी. कडुबांनी ढिगातला एक तुकडा उचलला, उलटा केला, नखानं खरवडला. सगळे त्यांच्याकडं बघत होते. मग तुकडा खाली ठेवून म्हणाले, "वाळूत खार राहिला, ताई."

रूपाबाई म्हणाल्या, "सात पाण्यांनी धुतली हो मी."

मी वहीत लिहून घेतलं.

इथं मला सांगायला हवं की मी काय केलं नाही. माझ्या धंद्यात असा गिलावा पडला की त्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा असतो. मी तुकडा घेतला होता, कागदात गुंडाळून ऑफिसच्या कपाटात ठेवला होता. पाठवला नाही. 'वेळ नव्हता' असं मी स्वतःला सांगत राहिले. वेळ होता. मला उत्तर नको होतं. वाळूचं कारण सोयीचं होतं. ते एका गावातल्या बाईच्या हातावर जाऊन थांबत होतं. त्याच्या पुढं गेलं असतं तर कडुबांवर आलं असतं आणि त्यांच्यानंतर माझ्यावर. मी अहवालात लिहिलं, 'वाळू पुरेशी धुतली न गेल्याने क्षार राहून गिलावा व त्यावरील चित्र निखळले.' सही केली. त्या अहवालावरून समितीनं देवळात सगळ्यांसमोर रूपाबाईंकडून चावी काढून घेतली. पडलेल्या भिंतीशेजारी एक पाटी लावली, तिच्यावर माझंच वाक्य होतं.

त्यानंतर कडुबा बदलले. मला दिसत होतं, पण मी विचारलं नाही. इथल्या कामांवर ते वाळू स्वतः धुवायला लागले. हाताखालच्या माणसांना हात लावू देईनात. सिमेंटच्या गोणीवरून कुणी चेष्टा केली तर पूर्वीसारखं उत्तर देईनात. एका कॉलेजनं त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या दिवशी ते गावी निघून गेले. आशाबाईंचा फोन आला, "ताई, तुमी त्यांना काय बोललात का? घरी आले की नुसतं भिंतीकडं बघत बसत्यात." मी म्हटलं, नाही, कामाचा ताण असेल.

अशी तीन वर्षं गेली.

तनुजा तोवर इथल्याच इंजिनियरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आली होती, सिव्हिलला. हुशार, वडिलांसारखीच कमी बोलणारी. गेल्या वर्षी जानेवारीत तिचा फोन आला. तिला चुन्याच्या गिलाव्यावर प्रकल्प करायचा होता. "ताई, बाबांच्या कामाचे नमुने गोळा करतेय. खारवण्याचा तुकडा तुमच्याकडं आहे ना? आमच्या लॅबमध्ये त्यात काय काय आहे ते सगळं निघतं." मी तिला शनिवारी यायला सांगितलं.

गुरुवारी दुपारी कडुबा ऑफिसात आले. खुर्चीत बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"ताई, तो तुकडा पोरीला देऊ नका."

"का हो मामा?"

"देऊ नका. हरवला म्हणा."

"पण का?"

ते खिडकीकडं बघत होते. "त्यात शिमिट हाय."

मी चक्क हसले. "कुणी घातलं?"

"म्या."

मग ते बसले. खुर्चीत नाही, भिंतीला टेकून जमिनीवर. आणि एकदम सगळं बोलले. खारवण्याला नऊ दिवस चुना धरला नव्हता. बोट दाबलं की आत जायचं. आपल्याकडं कोरड्या हवेत जे चार दिवसांत होतं ते तिथल्या दमट हवेत होईना. त्यांना तिथल्या हवेचा अंदाजच आला नव्हता, आणि हे कुणाला सांगायची लाज वाटत होती. गावातली माणसं येऊन भिंतीला बोट लावून जायची. एक जण म्हणाला होता, "मिस्त्री, तुमचा चुना संभाजीनगरलाच ठेवून आलात काय?" सगळे हसले होते.

"लई लागलं ताई ते मला. पत्रिका छापलेल्या. तुम्ही गावाकडं. म्या तालुक्याला गेलो, पांढऱ्या शिमिटाची अर्धी गोणी आणली. वळकटीत लपवली. रूपाबाई दुपारच्याला जेवायला घरी गेल्या, मह्या दोघा गड्यांना बी बाहेर धाडलं, तवा कालवलं. त्या परत आल्या तवर घट्ट. त्यांनी हात लावून बघितलं अन् म्हणल्या, धरलं की हो मिस्त्री, देव पावला. अन् तुम्ही आला, तुम्ही बी तेच म्हणलात."

भिंत जमिनीतलं पाणी वर ओढते आणि चुन्यातून हळूहळू बाहेर सोडते. सिमेंटनं ती वाट बंद केली की पाणी खार घेऊन दुसरीकडं मऊ जागा शोधतं. मऊ जागा म्हणजे ते चित्र. हे मला कडुबांनी सांगायची गरज नव्हती. हे मी मुलांना शिकवते.

"आणि पडलं तेव्हा?" मी विचारलं.

"तवा तुकडा हातात घेतल्याबरोबर कळलं. म्या तोंड उघडलं ते खरं सांगायलाच, ताई. देवाशपथ. अन् भलतंच निघालं. मला वाटलं, तुम्ही इचारताल. उलटून काय तरी इचारताल. तुम्ही लगेच लिहून घेतलं."

मी त्यांना पाणी दिलं. आणि नंतर मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "मामा, तीन वर्षं झाली. चित्र तर गेलंच. आता हे उकरून कुणाला काय मिळणार? तनुजाला मी सांगते, तुकडा सापडत नाही म्हणून."

ते मान वर करून माझ्याकडं बघत राहिले.

"मला वाटलं व्हतं, तुम्ही मला हाकलून देताल," ते म्हणाले.

ग्लास तसाच ठेवून ते उठले. दारातून म्हणाले, "पोरीला माझं मीच सांगतो. तुकडा द्या तिला. अन् म्या खारवण्याला जातो."

रात्री घरी त्यांनी तनुजाला सांगितलं. ती काय म्हणाली ते मला नंतर तिच्याचकडून कळलं. तिनं एकच प्रश्न विचारला होता, "बाबा, त्या बाईंना कळवलं का?" आणि मग महिनाभर ती त्यांच्याशी धड बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना फोन केला आणि मीही येते म्हणाले. यात मोठेपणा नव्हता. ते एकटे गेले तर माझं नाव तिथं कसं घेतलं जाईल, हाही विचार मनात होता.

एसटीनं पुणे, पुढं दुसरी गाडी, मग तिसरी. खारवण्याला पोचलो तेव्हा रूपाबाई परसात नारळाच्या झावळ्यांचे झाप विणत बसल्या होत्या. आम्हाला बघून उठल्या, पाणी आणलं, "इतक्या लांबनं?" म्हणाल्या आणि परत विणायला बसल्या. तीन वर्षांत आम्ही दोघांनी त्यांना एक फोन केला नव्हता, पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

कडुबा उभेच होते. म्हणाले, "रूपाबाई, तुमच्या वाळूत खार नव्हता. गिलाव्यात म्या शिमिट घातलं व्हतं. त्यानं चित्र पडलं. अन् नाव तुमच्यावर घातलं."

त्या विणता विणता थांबल्या. "म्हणजे वाळू धुतली होती मी नीट?"

"व्हय."

"सगळी?"

"सगळी."

त्यांनी हातातली झावळी खाली ठेवली. मग माझ्याकडं वळल्या. कडुबांकडं नाही, माझ्याकडं. "बाई, मी तीन वर्षं आठवत्ये. कुठल्या दिवशी माझ्याकडनं एक पाणी कमी पडलं. एक दिवस नातवाला ताप होता, मी घाईत होत्ये, तो दिवस असेल. नाहीतर विहिरीचं पाणी आटलं होतं तो असेल. माझ्या सासरचं गलबत माझ्याच हातानं गेलं असं मी धरून चालल्ये. आता तांदूळसुद्धा मी सात वेळा धुवत्ये. सून हसते मला."

"रूपाबाई, चूक झाली," असं काहीतरी मी म्हटलं.

"तुमचं झालं सांगून," त्या म्हणाल्या. आवाज चढला होता. "मोकळे झालात. आता मी काय करू याचं? माझ्या परसात सांगून काय उपयोग? परसात कुणी मला बोल लावले नाहीत. देवळात लावले. तिथं येऊन सांगा."

संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात माणसं जमली. पन्नासेक असतील. बातमी आळीभर झालीच होती. केशव गुरुजी मध्ये बसले होते. रूपाबाई बायकांच्यात, पदर घट्ट लपेटून.

कडुबा उभे राहिले. सरळ बोलले. अर्धी गोणी, वळकटी, दुपारची वेळ, काही गाळलं नाही. कुणी त्यांना हसलं होतं म्हणून केलं, हे मात्र ते तिथं बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "मॅडमला ह्यातलं काय बी माहीत नव्हतं. दोष मह्या एकट्याचा हाय." आणि खाली बसले.

मला तिथंच उठायला हवं होतं. मी उठले नाही. लोक बोलायला लागले, एक तरुण माणूस ओरडला, कुणीतरी त्याला बसवलं. गुरुजींनी हात जोडून शांत राहायला सांगितलं. काही जण उठून चपला शोधायला लागले. तेव्हा कुठं मी उभी राहिले.

मी सांगितलं की मला माहीत नव्हतं हे खरं, पण माहीत करून घ्यायचं माझं काम होतं आणि मी ते मुद्दाम केलं नाही. नमुना माझ्या कपाटात तीन वर्षं पडून होता. अहवाल मी न तपासता लिहिला.

"का पण?" गुरुजींनी विचारलं. रागानं नाही, खरंच कळून घ्यायचं होतं त्यांना.

"रूपाबाईंवर ढकलणं सोपं होतं," मी म्हटलं.

चपला शोधणारी माणसं पाठमोरीच उभी होती.

समितीनं तिथल्या तिथं रूपाबाईंना चावी परत देऊ केली. त्यांनी घेतली नाही. "चावी सोनियाकडंच राहू दे, ती बरी सांभाळते," त्या म्हणाल्या. सोनिया म्हणजे त्यांच्या शेजारची मुलगी, जिला समितीनं त्यांच्या जागी ठेवलं होतं. "मला ती पाटी बदलून पाहिजे. आणि त्या दोघांनी माझं जसं नाव घेतलं, तसं त्यांचंही त्यावर असू दे."

पाटी बदलली. मजकूर मीच लिहिला, गुरुजींनी तपासला. आता तिच्यावर सिमेंटचं कारण आहे, कडुबा वाघ हे नाव आहे आणि माझंही आहे. जकातघर बघायला येणारे लोक ती वाचतात, त्यातले काही मला ओळखणारे असतात.

एप्रिलमध्ये कडुबा पुन्हा खारवण्याला गेले, स्वतःहून, एकटे. जुना सिमेंटचा गिलावा त्यांनी छिन्नीनं इंच इंच काढला, उरलेल्या चार गलबतांना धक्का लागू न देता. वाळू धुवायला रूपाबाई आल्या नाहीत. कडुबांनी स्वतः धुतली. चुन्याला जेवढे दिवस हवे होते तेवढे दिले. दीड महिना लागला. गावानं त्यांना देवळामागच्या खोलीत राहू दिलं, पण गप्पा मारायला कुणी गेलं नाही. रूपाबाई मधूनमधून जकातघराच्या पायरीवर येऊन बसायच्या आणि काही न बोलता जायच्या. काम संपल्यावर एकदा आत आल्या, भिंतीवर हात फिरवला आणि जिथं चौथं गलबत होतं त्या कोऱ्या जागेपाशी थांबल्या. कडुबांनी मला सांगितलं, "तिथं त्यांनी मह्याकडं बघितलं, ताई. मला वाटलं, आता शिव्या देत्याल. तर म्हणल्या, जेवलात का? अन् निघून गेल्या. डबा काय आणला नाय."

बातमी आमच्या क्षेत्रात पसरायला वेळ लागला नाही. कडुबांचं नाव दोन मोठ्या कामांच्या यादीतून निघालं. माझं एक काम गेलं, एक राहिलं. शिकलेल्या माणसाला लोक लवकर माफ करतात, हे मी त्या वर्षी बघितलं. मला एका परिसंवादात 'चुकांमधून शिकताना' असा विषय देऊन बोलावलं. मी खारवण्याचं सगळं सांगितलं. टाळ्या झाल्या. एक जण येऊन म्हणाला, किती धाडस लागतं हे बोलायला. मी त्याला सांगितलं नाही की ज्याला धाडस लागलं तो माणूस त्या वेळी शहराबाहेर शेंद्र्याला नव्या इमारतींचा गिलावा करत होता. सिमेंटचा.

तनुजानं प्रकल्प पूर्ण केला. खारवण्याचा तुकडा त्यात आहे, वडिलांचं नाव आहे, काय घातलं आणि त्यानं काय झालं हे आकड्यांसकट आहे. तिला चांगले गुण मिळाले. निकालाच्या दिवशी ती वडिलांना घेऊन माझ्याकडं पेढे द्यायला आली. कडुबा दाराबाहेर चपला काढून उभे राहिले. मी तीनदा म्हटलं तेव्हा आत आले.

मागच्या महिन्यात मी शेंद्र्याला त्यांच्या साइटवर गेले. वैजापूरकडच्या एका जुन्या मठाचं लहानसं काम आलं आहे, चुन्याचं. त्यांच्यासारखा हात दुसरा नाही. ते तिसऱ्या मजल्यावरून खाली आले, हात पुसले. सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अजून नको, ताई," ते म्हणाले.

कधीपर्यंत, असं मी विचारलं नाही. त्यांनी कँटीनच्या माणसाला दोन चहा सांगितले. आम्ही उभ्यानंच प्यायलो.